जोडीचं वजन

आमच्या घरी एकाच काट्यावर मासेही तोलले जायचे आणि माझ्या पोरीही. हे ऐकलं की शहरातली माणसं नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगून टाकते. काट्याची परात उकळत्या पाण्याने धुतली जायची, कडक उन्हात वाळायची, तिच्यावर माझ्या जुन्या सुती साडीची चौपदरी घडी पडायची आणि मगच पोरी तिच्यावर जायच्या. एवढं करूनही कुणाला वास आलाच, तर येऊ दे. माझ्या सासरी माशाचा वास घराच्या रंगासारखा आहे, नवीन माणसालाच तो दिसतो.

सासरे गोसीखुर्दच्या धरणात मासे मारतात. त्यांचं जुनं गाव त्याच पाण्याखाली गेलं, वस्ती उठून इकडे नव्या गावठाणात आली, आणि आता गाव बुडवलेल्या पाण्यातच त्यांचं जाळं पडतं. याबद्दल ते फारसं बोलत नाहीत, तेव्हा मीही बोलणार नाही. नवरा वरठीला कारखान्यात. तो तिकडेच खोली करून राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलने घरी यायचा. माझं माहेर चिखल्याच्या खाणीकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोटात दोन आहेत म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की फार लांब जाऊ नका. म्हणून मी सासरीच राहिले.

दोन आहेत हे कळल्यावर अख्ख्या वस्तीने मला एकच प्रश्न विचारला, की जुळं केळं खाल्लं होतं का. मी केळी खातच नाही. पण हे कुणालाही पटलं नाही. सासूबाई तर म्हणाल्या की लहानपणी कधीतरी खाल्लं असेल, आठवत नसेल. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मात्र केळ्यासारखं गोड नव्हतं. जुळ्यांचे दिवस बहुतेक वेळा पूर्ण भरत नाहीत, बाळं हलकी निघतात, आईचं रक्त कमी पडतं, दाब चढतो, आणि कधी कधी पोटातच एकीला जास्त मिळतं, दुसरीला कमी, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी घाबरले. सासूबाईंनीही सगळं ऐकलं आणि घरी येऊन माझं ताट दुप्पट केलं. त्यांच्या परीने त्यांनी इलाज सुरू केला होता.

आठव्या महिन्यातच मी मोकळी झाले. दोन्ही मुली. मोठी आधी आली आणि आल्या आल्या रडली. लहानी मागून आली, तिला रडायला वेळ लागला, आणि मला तिचं तोंड नीट दिसायच्या आत तिला काचेच्या पेटीत नेलं. मग तिला श्वासाचं यंत्र लागलं, कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवली. मोठीला थोड्याच दिवसांत माझ्याजवळ दिलं. मी वाटीत दूध काढायचे, हात धुवायचे, वाटी घेऊन आत जायचे, परत येऊन मोठीला घ्यायचे. त्या दिवसांतलं मला मुख्यतः हात धुतलेलंच आठवतं.

सासूबाई बाहेरच्या बाकावर मोठीला मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. दवाखान्यावर त्यांचा राग नव्हता, राग होता तो एकीला आत आणि एकीला बाहेर ठेवण्यावर. त्यांचं माहेर धान पिकवणारं, बैलांत वाढलेलं. जोडीतला एक बैल विकला की दुसरा वैरण सोडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पोटात एकमेकींना बिलगून वाढलेल्या पोरी अशा वेगळ्या केल्या, तर त्यातली एक सुकणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. एकदा दोघी घरी आल्या की ही जोडी मी बारशापर्यंत फोडू देणार नाही, असं त्यांनी बाकावर बसून ठरवलं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. दोघींमध्ये भिंत असलेली मलाही सोसत नव्हती.

लहानी घरी जायच्या लायक झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं, की ही मोठीसारखी दूध मागणार नाही. ती झोपून राहील. तिला उठवून पाजायचं, छातीशी धरून ऊब द्यायची, वजनाकडे लक्ष ठेवायचं आणि लवकर जन्मलेली म्हणून दोघींचे डोळे तपासून घ्यायचे. डोळे तपासले, ते ठीक निघाले, आणि त्या एका गोष्टीने आम्ही सगळेच जरा निर्धास्त झालो. एक परीक्षा पास झालं की बाकीच्याही झाल्यासारखं वाटतं.

घरी सासूबाईंचं राज्य सुरू झालं. एकच पाळणा, त्यात दोघी. एकच दुपटं, एकाच घंगाळातलं पाणी. एकीला तेल लावलं की लगेच दुसरीला. मोठीला पावडर लागली आणि तेवढ्यात लहानी झोपली, तर सासूबाई झोपलेल्या पोरीच्या गालाला हळूच पावडर लावून येत. नावंही दोघींची एकाच दिवशी ठेवायची, लहानी जरा बाळसं धरेल तेव्हा. तोवर एक मोठी आणि एक लहानी. मी इथे नावं लिहीत नाही असं कुणाला वाटेल, तर तेव्हा ती नव्हतीच.

आणि वजन. ते सासऱ्यांच्या अखत्यारीतलं. बाजाराच्या दिवशी सकाळी, मासे काढायच्या आधी, ते काटा ओसरीवर मांडत. सासूबाई दोघींना एकदमच परातीत निजवत, डोक्याला डोकं लावून. लाल आकडे थोडे नाचत आणि थांबत. सासरे उकिडवे बसून आकडा वाचत आणि मागच्या बाजारापेक्षा किती चढला ते सांगत. प्रत्येक वेळी चढलेलाच असे. मग ते बाजारात जाऊन हा आकडा गिऱ्हाइकांना सांगत, मासे घ्यायला आलेल्यांना आमच्या पोरींचं वजन पाठ असे. धरणावर ते मासे असेच विकतात. रोहू, कतला, बारीकसारीक, सगळं टोपल्यात एकत्र, सगळ्याचं मिळून एक वजन. त्याला ते लॉट म्हणतात. पोरींचंही त्यांच्या तोंडी तेच झालं. लॉट वाढून राहिला, असं म्हणत ते हसायचे आणि मीही हसायचे.

बाळंतिणींच्या घरोघरी फिरणारी आशाताई एकदा तिचा झोळीचा काटा घेऊन आली. सासऱ्यांनी तिला आपला काटा दाखवला आणि तिच्या काट्याकडे असं पाहिलं की बिचारी ओशाळली. वेगवेगळं वजन हवं म्हणाली, तर सासूबाईंनी बारशानंतर ये म्हणून चहा पाजला. दोघींना उपकेंद्रावर घेऊन या, असं मला बजावून ती गेली. जाऊ, म्हटलं. ओल्या बाळंतिणीने दोन पोरी घेऊन कुठे जाणं म्हणजे वरातच असते, ते राहून गेलं.

लहानीचं कौतुक मात्र सगळीकडे होत होतं. मोठी म्हणजे भोंगा. भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. लहानी एवढ्याशा हुंकारावर गप्प. पाहायला आलेल्या बाया मोठीला नावं ठेवत आणि लहानीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत, कशी शहाणी पोर, आईला जरा म्हणून त्रास नाही. सासूबाईही कौतुकाने सांगत की ही आपल्या आजोबांवर गेली, कमी बोलते. मी तिला उठवून पाजत होते. ती चार घोट घ्यायची आणि तोंडात धरूनच झोपायची. ती छातीला लागलेली आहे म्हणजे पितेच आहे, असं मला वाटायचं. तोपर्यंत मोठीचा भोंगा वाजायचा.

संशय आला तो हाताला. मी मोठीला उजव्या हातावर घ्यायचे, लहानीला डाव्या. अंगणात सकाळच्या उन्हात दोघींना घेऊन उभी राहायची माझी सवय होती. होता होता उजवा हात भरून यायला लागला, खांद्यापर्यंत कळ जायची. डावा मात्र पहिल्या दिवशी होता तसाच. एका सकाळी हे माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना. मी हात बदलून पाहिले. आता डावा भरून आला आणि उजवा मोकळा राहिला. स्वतःला समजावलं की ती आधीपासूनच लहान आहे. पण लहान असणं वेगळं आणि लहानच राहणं वेगळं.

नवरा सुट्टीला आला तेव्हा त्याला मी दोन्ही हातांवर दोघी दिल्या आणि काही बोलले नाही. त्याने दोन्ही हात वरखाली करून पाहिले. मग लहानीकडे पाहून म्हणाला की हिच्यात काही भरत नाही बहुतेक. नेमका बाजाराचा दिवस होता. सासऱ्यांनी काटा मांडला, परात पुसली, घडी घातली. नवऱ्याने आईला सांगितलं, की आज एकेकीला वेगळं तोलू.

सासूबाईंनी मान हलवली. "जोडी फोडू नोको. दवाखान्यात फोडली होती तं काय झालं ते पाह्यलं ना तुनं?"

तो समजावत राहिला. सासरे म्हणाले की एकूण वजन तर चढतंच आहे, मग कशाला काळजी. माझं डोकं तापलं. घरात सासऱ्यांसमोर मी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही फार चढवला नाही, पण बोलले.

"मामाजी, लॉटात एक मासा सडका असला तं वजनात समजते का?"

 पोरीला मासा म्हटलं, तोही सडका, याचं सासूबाईंना वाईट वाटलं. त्यांनी दोघींना उचललं आणि नेहमीसारखं परातीत निजवलं, डोक्याला डोकं लावून. आकडे नाचले, थांबले. चढलेलेच होते. सासऱ्यांनी आकडा वाचला. आणि नेमकी मोठी रडायला लागली. मी वाकून तिला उचललं. खरं सांगते, ती रडली नसती तरी मी तिला उचललंच असतं.

परातीत एकटी लहानी राहिली. आकडे सरसर उतरले आणि थांबले.

सासऱ्यांनी सगळा जन्म हे आकडे वाचलेत. त्यांना पुन्हा पाहायची गरज पडत नाही. त्या दिवशी त्यांनी पुन्हा पाहिलं. मग मला विचारलं, की दवाखान्यातून आणली तेव्हा ही किती होती. मी सांगितलं, पावणेदोन किलो. ते परातीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. लहानी त्या कापडावर झोपली होती. बाजूची बहीण गेली, आम्ही सगळे वर वाकून उभे, मोठी माझ्या खांद्यावर कोकलतेय, आणि ही पापणीही हलवत नव्हती. ज्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो ते पहिल्यांदा मी नीट पाहिलं, आणि मला भीती वाटली.

"पोट्टी वाढलीच नाही," सासरे म्हणाले. "आणली त्याहून कमीच हाये."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी लहानीचे तळवे हातात घेतले आणि हात तिथेच ठेवला. पाय थंडे हायेत, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर घरात कुणी कुणाशी वाद घातला नाही. नवरा ऑटो आणायला गेला. मी लहानीला उघडीच छातीशी धरली, वरून पदर, त्यावर सासऱ्यांचा टॉवेल. एकीलाच न्यायची होती, पण मोठीला घेऊन सासूबाई आधीच ऑटोत जाऊन बसल्या होत्या. त्यांना उतरा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. सासरे त्या दिवशी बाजारात गेलेच नाहीत. तेही पुढे ऑटोवाल्याजवळ बसले. काटा ओसरीवर तसाच राहिला.

दवाखान्यात तिला पुन्हा आत घेतलं. अंग थंड होतं, साखर उतरली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, मला तर त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं, की एवढ्या लहान बाळाला ओढून पिणं हेच मोठं काम असतं. त्यात ती थकते आणि पोट भरायच्या आत झोपते. थोडे दिवस नळीने दूध द्यावं लागेल, मग वाटी-चमच्याने. आज आणलीत ते बरं केलंत. मी मान हलवत राहिले. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की ती वाचेल ना, आणि तेच विचारवत नव्हतं.

तिथल्या काट्यावर तिला ठेवलं तेव्हा सासरे दारातून डोकावत होते. घरी कशावर तोलता, असं नर्सने विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं. नर्सने तोंडाला हात लावला. सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते आकडा पाहत होते. आमच्या काट्याएवढाच आला. एरवी त्यांनी चार गावांत सांगितलं असतं की आपला काटा दवाखान्याच्या तोडीचा. तेव्हा ते नुसते मागे फिरले आणि बाकावर जाऊन बसले. काटा पहिल्यापासून खराच होता. आम्हीच त्याला दोघींचं मिळून विचारत होतो.

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला. मोठीला खांद्यावर थोपटत, आवाज खाली ठेवून.

"उपाशी होती तं ती रडली काहून नाही, बाई?"

"रडायलाही ताकद लागते, आजी," त्या म्हणाल्या.

 वैरण सोडलेला बैलही हंबरत नसणार, हे सासूबाईंच्या मनात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात आलं. त्यांचं सगळंच चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. जोडीतली एक सुकेल हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. फक्त ती कशाने सुकते ते कुणालाच दिसलं नाही, आणि जोडीच्या आड ती गुपचूप सुकत गेली.

आम्ही परत आलो तेव्हा लहानी पावणेदोनच्या वर गेली होती. फार नाही, पण वर. सासूबाईंनी स्वतःहून काटा धुतला. आता एकेकीला तोलायचं, पण त्यांनी एक सवलत ठेवून घेतली. एक परातीत असली की दुसरीला मांडीवर घेऊन त्या काट्याला लागूनच बसत, बहिणीला बहीण दिसली पाहिजे म्हणून. दिसते की नाही देव जाणे. सासरे मोठीचा आकडा पटकन वाचत आणि लहानीचा सावकाश. बाजारात ते आता एकच आकडा सांगत, लहानीचा. मोठीचा सांगायची गरज नव्हती, ती वस्तीभर ऐकू येत होती.

तळव्याला टिचकी मारून लहानीला उठवायचं काम सासूबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. माझी टिचकी हळूच पडायची, त्यांची नाही. टिचकी मारत, चमचा लावत, पुन्हा टिचकी. ती तोंड वाकडं करायची, हुंकार भरायची, दूध गिळायची आणि झोपायची. वाटी रिकामी व्हायची, पण मागणं नव्हतं. बाया अजूनही येत आणि शहाणी म्हणत. सासूबाई आता त्यांना चहा पाजत नसत.

मग एका सकाळी मी मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होते. सासरे ओसरीवर गिऱ्हाइकाला मासे तोलून देत होते. घरातून रडणं आलं. मी दुपटं खांद्यावर टाकलं आणि मोठीच्या नावाने कुरकुरत निघाले, तर मोठी माझ्या पायाशी चटईवर पडून पाय झाडत होती. मी तिला उचललं आणि आत धावले.

पाळण्याजवळ सासूबाई बसल्या होत्या. लहानीचं तोंड लालबुंद झालं होतं, मुठी आवळलेल्या, आणि आवाज घोगरा, चिडका, कुणीतरी तिचं देणं लागत असल्यासारखा. मी तिला घ्यायला वाकले तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"थांब, बाई. जराशी थांब."

ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं, कोण रडून राहिली.  सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, लहानी. बाहेर काटा वाजला, गिऱ्हाइकाने काहीतरी विचारलं. पण सासरे माशाचे हात तसेच अधांतरी धरून दारात येऊन उभे राहिले.

"रड, माय," सासूबाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या. "मोठ्यानं रड. माग."

तिने मागितलं. मी मोठीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, खाली बसले आणि लहानीला घेतलं.